धरणगावची पलटण आणि सेंधव्याचा घाट

27 फेब्रुवारी 1818 रोजी इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपची फौज तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यासमोर येऊन उभी राहिली. दोन महिन्यांपूर्वी महिदपूरला होळकरांचा मोड झाला होता आणि 6 जानेवारीच्या मंदसौरच्या तहात सातपुड्याच्या दक्षिणेकडचा त्यांचा मुलूख कंपनीकडे गेला होता. तहाप्रमाणे किल्ला खाली करायचा होता. किल्लेदार तुळशीराम मामाने मात्र दरवाजे लावून घेतले आणि आतून गोळीबार सुरू केला. दिवसभर तोफा चालल्यावर तो स्वतः बाहेर येऊन इंग्रजांच्या हवाली झाला. आतल्या अरब शिबंदीशी दिंडीदरवाजात बोलणी सुरू झाली. एकाला दुसऱ्याची भाषा कळत नव्हती. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर काही शिपायांसह दिंडीतून आत शिरले आणि तिथेच कापले गेले. मग बाहेरची फौज आत घुसली आणि सुमारे तीनशेंची शिबंदी तिने कापून काढली. त्याच संध्याकाळी हिस्लॉपने किल्लेदाराला फाशी दिली.

शरण आलेल्या किल्लेदाराला फासावर चढवणे लंडनमध्येही सगळ्यांना पचले नाही. पुढच्या वर्षी पार्लमेंटमध्ये विजयी सेनापतींच्या आभाराचा ठराव आला, तेव्हा थाळनेरचा विषय निघालाच. खानदेशात मात्र हिस्लॉपला हवा होता तो परिणाम झाला. आसपासच्या किल्लेदारांनी थाळनेरचा धसका घेतला. खानदेशात कंपनीचे राज्य आले ते असे.

पण किल्ले हाती आले म्हणून मुलूख हाती आला असे झाले नाही. तो मुलूख तेव्हा कोणाच्याच हाती नव्हता. 1802 साली यशवंतराव होळकरांच्या फौजा खानदेशातून गेल्या, त्यांच्यामागून दुष्काळ आला आणि गावेच्या गावे ओस पडली. गावची राखण पिढ्यान्‌पिढ्या भिल्ल जागल्यांकडे असे. रात्री पहारा करायचा, चोराचा माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत काढून द्यायचा आणि त्याबदली सुगीत खळ्यावरून धान्याचा वाटा घ्यायचा, अशी ती रीत होती. घाटांमधून जाणाऱ्या मालावरही भिल्लांच्या नाईकांचा, म्हणजे म्होरक्यांचा, हक्क असे. गावच उठले तेव्हा खळे राहिले नाही आणि वाटाही राहिला नाही. भिल्ल डोंगरात गेले, आणि ज्या वाटा राखायच्या त्याच लुटू लागले. पेशवाईच्या अखेरच्या अंमलदारांनी यावर काढलेला उपाय कोपरगावला आणि चाळीसगावला दिसला. बोलणी करायला, अभय द्यायला म्हणून भिल्लांना बोलावले आणि दग्याने त्यांची कत्तल केली. सरकारचा शब्द म्हणजे सापळा, ही खूणगाठ डोंगरातल्या प्रत्येक पाड्याने तेव्हापासून बांधली.

या मुलखाचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे आला. फिरिश्त्याच्या फारसी इतिहासाचे इंग्रजी भाषांतर करणारा ब्रिग्ज तो हाच. त्याने धुळ्याला ठाणे केले, बऱ्हाणपूरकडून व्यापारी आणवले आणि सरळ रस्त्यांची नवी पेठ वसवली. भिल्लांच्या बाबतीत त्याचे धोरण दुहेरी होते. जो नाईक खाली येईल त्याला तनखा आणि घाटाची राखण द्यायची, आणि जो येणार नाही त्याची रसद तोडून त्याच्या मागे फौज लावायची. सातमाळ्याकडचा चिल नाईक पकडला गेला आणि फासावर गेला. सातपुड्यातल्या काही नाईकांनी तनखा पत्करला. सेंधव्याच्या घाटात नाव असलेला गुमानी नाईक त्यांतलाच. तरी पावसाळा सरला की लूट पुन्हा सुरू होई. भिल्लांचीच पलटण उभारण्याचे प्रयत्न एकाहून अधिक वेळा झाले आणि फसले. ही माणसे आळशी, दारूबाज, कवायतीच्या कामाची नाहीत, असा शेरा मारून अधिकारी मोकळे झाले.

मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी तरीही ही कल्पना सोडली नाही. 1825 साली खानदेशासाठी तीन भिल्ल एजन्सी नेमल्या गेल्या. कन्नडकडच्या दक्षिण एजन्सीत कॅप्टन ओव्हन्सने बैल, बियाणे आणि तगाई देऊन भिल्लांना शेतीवर बसवण्याचे काम हाती घेतले. पलटण उभारण्याचे काम मालेगावच्या छावणीतल्या एका लेफ्टनंटकडे आले. जेम्स औट्रम त्याचे नाव आणि वय अवघे बावीस. बाप लहानपणीच वारलेला, सोळाव्या वर्षी मुंबईला उतरलेला आणि चणीने इतका लहान, की सैन्यातला सर्वांत बुटका अधिकारी म्हणून त्याची थट्टा होत असे. त्याच वर्षी बंडवाल्यांकडून मुल्हेरचा किल्ला घेण्याच्या मोहिमेत त्याने नाव कमावले होते.

औट्रमच्या चरित्रकारांना त्याची एकट्याने डोंगरात जाण्याची गोष्ट फार आवडते, आणि ती खरीही आहे. पण त्याआधी काय झाले हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. आधी त्याने फौजेनिशी भिल्लांच्या हट्टींवर छापे घातले आणि माणसे पकडली. त्या कैद्यांपैकी काहींना सोडून त्यांच्या नातलगांकरवी नाईकांशी संधान बांधले. त्यानंतर तो बिनपहाऱ्याचा त्यांच्यात जाऊन राहिला. त्यांच्याबरोबर शिकार केली, त्यांना ब्रँडी पाजली, रात्र-रात्र त्यांच्या गप्पा ऐकल्या. एवढ्या खटाटोपानंतर पाच जण त्याच्यामागून यायला तयार झाले. पाच मिळाले म्हणजे काम फत्ते, असे त्याने तेव्हाच मनाशी धरले.

तो हिशेब बरोबर होता. भिल्लांना पगाराचा मोह नव्हता असे नाही, पण खाली गेलेला माणूस जिवंत परत येतो की नाही, हा त्यांचा खरा प्रश्न होता. कोपरगावची आठवण अजून वीस-एकवीस वर्षांचीच होती. ते पाच जण परतले, तेव्हा त्यांच्या अंगावरचे कपडे आणि कमरेचा पैसा यांहून पाड्यावरच्यांना त्यांचे धड शरीर महत्त्वाचे वाटले असणार. मग माणसे येऊ लागली. दोन-अडीच वर्षांत पलटणीची संख्या सहाशेच्या घरात गेली. धरणगाव हे तिचे ठाणे झाले. याच धरणगावात शिवकाळात इंग्रजांची वखार होती आणि मराठी फौजांनी ती लुटलीही होती. दीडशे वर्षांनी त्याच गावच्या मैदानावर भिल्ल जवान इंग्रजी हुकमावर कवायत करू लागले.

मालेगावच्या छावणीतला एक प्रसंग या सगळ्याची किल्ली सांगतो. नव्या भरतीच्या भिल्लांना घेऊन औट्रम आपल्या मूळ पलटणीच्या, 23व्या देशी पायदळाच्या छावणीत गेला. हे तेच शिपाई, ज्यांनी काल-परवापर्यंत डोंगरात भिल्लांचा पाठलाग केला होता. टोमणे, हेटाळणी, एखादी मारामारी यांतले काहीही घडू शकले असते. झाले उलटेच. उच्चवर्णीय शिपाई भिल्लांच्या राहुट्यांकडे स्वतः चालत आले आणि त्यांनी पाहुण्यांपुढे पानसुपारी केली. ज्याला गावकुसाच्या आत पाऊल टाकताना अंग चोरावे लागे, त्या माणसाच्या हातावर सरकारी शिपायाने विडा ठेवला. त्या विड्याची किंमत औट्रम जाणून होता. आपल्या अहवालात त्याने या गोष्टीची आवर्जून नोंद केली.

दुसरी किल्ली वाघाची. तेव्हा सातपुड्यापासून अजिंठ्याच्या रांगेपर्यंत खानदेश झाडीने भरलेला होता आणि ओस गावांच्या पडक्या घरांत वाघ राहत होते. 1825 ते 1834 या दहा वर्षांत औट्रम आणि त्याच्या सोबत्यांनी 235 वाघ मारले. त्यांतल्या 191 वाघांच्या वेळी तो स्वतः हजर होता. आज हा आकडा वाचताना पोटात कालवते, आणि कालवायलाच हवे. सातपुड्यात वाघ नावापुरता उरला, त्याची सुरुवात याच काळात आहे. पण त्या वेळच्या भिल्लांच्या दृष्टीने वाघासमोर पायी उभा राहणारा साहेब हा दिलेल्या शब्दाला जागेल असा माणूस होता. माग काढणारा भिल्ल आणि बंदूक धरणारा साहेब यांना झुडपात एकमेकांच्या भरवशावरच जगावे लागे. पलटणीची शिस्त कवायतीच्या मैदानापेक्षा तिथे जास्त पक्की झाली.

परिणाम लवकर दिसला. डोंगरपायथ्याची ठाणी लष्कराकडून भिल्ल पलटणीकडे आली. 1828 साली खानदेशच्या मॅजिस्ट्रेटने कळवले, की वीस वर्षांत प्रथमच जिल्ह्याने सलग सहा महिने शांतता पाहिली. चोपडा, यावल, एरंडोलच्या पट्ट्यात ओस जमिनी पुन्हा नांगराखाली येऊ लागल्या. तापीच्या काळ्या मातीतून पुढे निघालेल्या कपाशीच्या गाड्यांना ज्या वाटा मोकळ्या मिळाल्या, त्या राखायला ही पलटण होती.

मात्र पलटण हे शेवटी सरकारच्या हातातले हत्यार, आणि ते कोणावर चालवायचे हे सरकार ठरवणार. 1830 साली डांगच्या राजांविरुद्धच्या मोहिमेत औट्रमने हीच पलटण नेली. भिल्लांनी भिल्लांना वठणीवर आणले. 1852 साली सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल भागातले शेतकरी नव्या जमीन मोजणीविरुद्ध उठले. आपल्यावरचा सारा वाढणार, या धास्तीने हजारोंचे जमाव मोजणी अधिकाऱ्यांच्या तंबूंभोवती जमले. तो उठाव मोडायलाही भिल्ल पलटणच गेली. एके काळी गावच्या खळ्यावर ज्यांचा हक्क होता, तेच आता सरकारी साऱ्यासाठी त्या खळ्याच्या मालकाला पकडायला आले होते.

तोवर औट्रम खानदेशातून जाऊन बराच काळ लोटला होता. 1835 साली तो गुजरातेत महीकांठ्याला गेला, तिथून अफगाण युद्धात आणि मग सिंधमध्ये. 1842 साली सक्करच्या मेजवानीत सर चार्ल्स नेपियरने त्याला हिंदुस्थानचा बेयार्ड म्हटले. निर्भय आणि निष्कलंक म्हणून गाजलेल्या जुन्या फ्रेंच सरदाराची ती उपमा होती. थोड्याच दिवसांत सिंधच्या अमीरांवर अन्याय झाला असे उघड म्हणून औट्रमने त्याच नेपियरशी भांडण घेतले, आणि वाट्याला आलेली लुटीची रक्कम स्वतःकडे न ठेवता दानधर्मात दिली. पुढे बडोद्याला रेसिडेंट असताना दरबारातल्या आणि मुंबई सरकारातल्या लाचखोरीवर अहवाल लिहिला आणि त्यापायी जागा गमावली. सप्टेंबर 1857 मध्ये तो लखनौवर चालून जाणाऱ्या सैन्याबरोबर होता. हुद्द्याने तो त्या सैन्याचा सेनापती हॅवलॉक याच्यापेक्षा वरचा. पण आजवरच्या लढाया हॅवलॉकने मारल्या आहेत, शेवटचा मानही त्याचाच, असे म्हणून त्याने नेतृत्व त्याच्याकडेच राहू दिले आणि स्वतः साध्या स्वयंसेवकासारखा लढला. दुसऱ्याचा मान कुठे राखायचा याची जाण त्याला होती. धरणगावी त्याला यश आले, तेही या जाणिवेमुळेच.

औट्रम लखनौजवळच्या आलमबागेत मोर्चे धरून बसला होता, त्याच महिन्यांत सातपुड्यात त्याच्या खानदेशी कामाची कसोटी लागत होती.

धुळ्याहून सोनगीर, नरडाणा, शिरपूर करत आग्रा रस्ता पळासनेरपुढे सातपुडा चढतो. तोच सेंधव्याचा घाट. माळव्याची अफू, इंदूरचा पैसा, मुंबईचा माल आणि डाक, सारे याच वाटेने जाई. या घाटाची राखण गुमानी नाईकाकडे होती. त्याच्या मागे 1831 साली ती त्याचा मुलगा खाज्या नाईक याच्याकडे आली. जवळजवळ वीस वर्षे त्याने ती केली. घाटात चोरी झाली तर जाब त्याला, आणि वाट निर्धोक राहिली तर मानही त्याला. औट्रमच्या धोरणाचा यशस्वी नमुना म्हणून कोणाकडे बोट दाखवायचे झाले असते, तर ते खाज्या नाईकाकडेच दाखवता आले असते.

1850 च्या सुमारास त्याच्या हातून एका माणसाचा जीव गेला. जुन्या रिवाजात घाटाच्या नाईकाने वाटेवरच्या माणसाला जागेवरच शासन करणे नवे नव्हते. कंपनीच्या कायद्याच्या पुस्तकात मात्र तो गुन्हा होता. खाज्याला शिक्षा झाली आणि काही वर्षे तुरुंगात काढून मुदतीआधी तो सुटला. घाटावर परत आला, तेव्हा आपला जुना मान राहिलेला नाही हे त्याला दिसले. कायद्याच्या बाजूने पाहिले तर सरकारचे काही चुकले नव्हते. पण नाईक आणि सरकार यांच्यातला करार कायद्यावर उभाच नव्हता. तू माझी वाट राख, मी तुझी पत राखतो, एवढाच तो होता. त्यातला दुसरा भाग धुळ्याच्या कचेरीत कोणाच्या लक्षात राहिला नव्हता.

1857 च्या उन्हाळ्यात मीरत आणि दिल्लीच्या बातम्या आग्रा रस्त्यानेच खाली आल्या. जिल्ह्यातले सैन्य उत्तरेकडे ओढले जात होते. खाज्याने माणसे जमवायला सुरुवात केली. बडवाणीकडचा भीमा नाईक त्याला मिळाला. मकराणी आणि अरब शिबंदीतले बेकार शिपाईही आले. नोव्हेंबरमध्ये इंदूरहून मुंबईकडे जाणारा सात लाखांचा खजिना त्यांनी घाटात लुटला. तारा तोडल्या, अफूच्या गाड्या अडवल्या. वीस वर्षे जो वाट राखत होता, त्याला ती कुठे अरुंद आहे आणि पहारा कुठे सुस्तावतो हे कोणी शिकवायला नको होते. या बंडाचा पाठलाग करणाऱ्या फौजांत धरणगावची भिल्ल पलटणही होती. तिचे जवान फितले नाहीत. म्हणजे औट्रमने बांधलेली घडी एका अंगाने शाबूत राहिली आणि दुसऱ्या अंगाने उसवली.

11 एप्रिल 1858 रोजी सातपुड्यातल्या अंबापाणीला दोन्ही बाजू समोरासमोर आल्या. मेजर इव्हान्सच्या हाताखाली इंग्रजांचे सैन्य होते. भिल्ल आणि मकराणी खडकांच्या आडून लढले. इंग्रजांकडची माणसेही त्यात पडली. पण रायफली आणि शिस्त यांच्यापुढे डोंगरी मोर्चा टिकला नाही. लढाईनंतर जे घडले ते थाळनेरच्या जातीचे होते. पकडलेल्यांची जागच्या जागी लष्करी चौकशी झाली आणि अनेकांना गोळ्या घालण्यात आल्या. बायका-मुलांना शेकड्यांनी धरून नेले. चाळीस वर्षांत एल्फिन्स्टन, ब्रिग्ज, ओव्हन्स, औट्रम येऊन गेले, आणि सरकार पुन्हा हिस्लॉपच्या जागेवर येऊन ठेपले.

खाज्या नाईक निसटला. त्याच वर्षाअखेर तात्या टोपे नर्मदा उतरून निमाडात आले, तेव्हा घाटावरचे जिल्हे पुन्हा हादरले, पण तो लोंढा पश्चिमेकडे वळला. खाज्याला शस्त्राने गाठणे जमले नाही, ते फितुरीने जमले. 1860 साली त्याच्याच गोटात शिरलेल्या एका मकराणी जमादाराने त्याचा घात केला. भीमा नाईक आणखी सात वर्षे हाती लागला नाही. त्याची आई सुरसी मंडलेश्वरच्या तुरुंगात वारली. 1867 साली तो पकडला गेला, काळ्या पाण्यावर गेला आणि 1876 मध्ये अंदमानातच वारला.

औट्रमचा मृत्यू 11 मार्च 1863 रोजी फ्रान्समधल्या पो गावी झाला आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत त्याचे दफन झाले. थेम्सकाठी त्याचा पुतळा उभा राहिला. घोड्यावर मागे वळून पाहणारा त्याचा आणखी एक पुतळा कलकत्त्यात आला. त्याच्या थडग्यावर बेयार्डची ती उपमा कोरलेली आहे. त्याच्या चरित्रांत लखनौ मोठ्या प्रकरणांत येते आणि खानदेश तरुणपणाच्या साहसांत, वाघांच्या आकड्यांसह. खाज्या नाईकाचे नाव इकडे सरकारी कागदांत दरोडेखोर म्हणून राहिले आणि सातपुड्यातल्या आदिवासींच्या तोंडी पुढारी म्हणून. स्वातंत्र्यानंतर ते दुसरे नाव हळूहळू इतिहासाच्या पुस्तकांत आणि स्मारकांवर चढले. सातपुड्याच्या दोन्ही अंगांना आता अंबापाणीची आठवण जाहीरपणे काढली जाते.

दोघांना समोरासमोर उभे करून एकाला नायक आणि दुसऱ्याला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण त्यात खानदेश हातातून निसटतो. औट्रमचे श्रेय काढून घेण्याचे कारण नाही. त्याच्याआधीच्या राज्यकर्त्यांना भिल्ल म्हटले की दोनच गोष्टी सुचत होत्या, फास किंवा दगा. त्याने बरोबरीने बसण्याची तिसरी वाट काढली आणि तिने एका उजाड जिल्ह्याला उसंत दिली. पण ती वाट त्याने आपल्या स्वभावावर बांधली होती. शब्द त्याचा होता, सरकारचा नव्हता. ओव्हन्स पुढे साताऱ्याला रेसिडेंट झाला, पलटणीवर औट्रमनंतर आलेला ग्रॅहम कोल्हापूरला गेला, औट्रम स्वतः तर कितीतरी मुलखांत फिरला. खानदेशात नाव कमवावे आणि वर चढावे अशी रीतच पडली. साहेब बदलत गेले, खाज्या मात्र घाटावरच होता. पहिल्या साहेबाने दिलेला मान पुढच्या साहेबाने चालू ठेवला पाहिजे, असे बंधन कुठल्याही कागदावर नव्हते.

सेनापतींचा वारसा मोजताना आपण लढाया आणि पुतळे मोजतो. खानदेशातल्या या चाळीस वर्षांपुरते पाहिले तर वेगळा हिशेब करावा लागतो. हिस्लॉपने एका दिवसात धाक बसवला. औट्रमने दहा वर्षांत विश्वास कमावला. तो विश्वास संस्थेच्या अंगी मुरवण्याचे काम कोणीच केले नाही, म्हणून त्याची वसुली सेंधव्याच्या घाटात झाली आणि ती खाज्या नाईकाने केली. त्याचे बंड बाहेरून आलेले नव्हते. ज्या नाईकाला सरकारने पिढीजात राखणदार म्हणून उभे केले, त्यानेच मोडलेल्या कराराचा हिशेब मागितला, आणि तो द्यायला धुळ्याला तेव्हा औट्रमसारखा कोणी नव्हता.